निकेल-झिंक फेराइटच्या रिंगा: माल भट्टीच्या आधीच बिघडतो

फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या चुंबकीय सिरॅमिकची) रिंग तडकली, म्यू (चुंबकीय पारगम्यता) अपेक्षेच्या निम्माच आला, किंवा मल्टिमीटर टेकवल्यावर रिंगमधून करंट जाताना दिसला, की पहिला संशय भट्टीवर जातो. मग तापमान दहा अंश वर कर, वीस अंश खाली आण, असं सुरू होतं आणि प्रत्येक फेरीत एक अख्खा दिवस जातो. बहुतेक वेळा माल भट्टीत जाण्याआधीच बिघडलेला असतो: पाण्यात, बॉल मिलमध्ये, नाहीतर दाणे पाडताना. भट्टी तो बिघाड फक्त उघडा करते. म्हणून या पोस्टमध्ये भट्टीपेक्षा तिच्या आधीच्या पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे. एक बॉल मिल, दहा टनी हातप्रेस आणि १२०० अंशांपर्यंत जाणारी छोटी मफल भट्टी एवढं सामान आणि सोलापूरची हवा गृहीत धरली आहे. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. म्यू म्हणजे इथे सुरुवातीची सापेक्ष चुंबकीय पारगम्यता.

छोट्या वर्कशॉपने मँगनीज-झिंकच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा म्यू हजारांत जातो हे खरं. पण तो १३०० अंशांच्या वर भाजावा लागतो आणि थंड करताना भट्टीतला ऑक्सिजन तापमानाबरोबर मोजून उतरवावा लागतो. १३०० अंशांना साधारण ४ ते ५ टक्के, १२०० ला १ टक्का, ११०० ला ०.२ टक्के आणि १००० ला ०.०३ टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी नायट्रोजन, न गळणारी ट्यूब भट्टी आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र लागतं. साध्या हवेत थंड केला तर लोह आणि मँगनीज जास्तीचा ऑक्सिजन घेतात, हेमेटाइट (लाल आयर्न ऑक्साइड) वेगळं पडतं आणि रिंग पृष्ठभागापासून फुटत जाते. निकेल-झिंक मात्र हवेत भाजता येतो आणि हवेतच थंड होतो. त्याची रोधकता मँगनीज-झिंकच्या लाखपट किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे उच्च वारंवारितेला एडी करंटचा (मालातच फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांचा) त्रास जवळजवळ राहत नाही.

आधी म्यू किती हवा ते ठरवा. हॉलंडच्या फिलिप्स प्रयोगशाळेतल्या स्नूक यांनी १९४८ मध्ये जो संबंध मांडला त्यातून सुटका नाही: स्पिनेल फेराइटमध्ये (निकेल-झिंक आणि मँगनीज-झिंक दोन्हींची स्फटिकरचना स्पिनेलच) म्यू जितका जास्त तितकी त्याची चुंबकीय अनुनाद वारंवारिता खाली. निकेल-झिंकसाठी दोन्हींचा गुणाकार साधारण ५ ते ६ गिगाहर्ट्झ धरावा. म्यू ३०० असेल तर २० मेगाहर्ट्झच्या आसपास माल हार मानतो. ५० असेल तर १०० मेगाहर्ट्झपर्यंत टिकतो. ‘म्यू १००० हवा आणि ५० मेगाहर्ट्झलाही तोटा नको’ अशी मागणी स्पिनेल पुरी करू शकत नाही. त्यासाठी षट्कोनी फेराइटकडे वळावं लागतं आणि तो वेगळाच विषय आहे. केबलमधला विद्युत गोंगाट दाबायला मात्र तोटाच हवा असतो. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतल्या मोटारींचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबलवर रिंग चढवायची असेल, तर अनुनादाच्या आसपासचा पट्टा कामाचा. पण त्या ड्राइव्हचा गोंगाट १५० किलोहर्ट्झच्याही खालून सुरू होतो आणि त्या खालच्या टोकाला आपली म्यू ३०० वाली रिंग फारसं काही करत नाही. तिथे बाजारातला मँगनीज-झिंकच घ्यावा.

बॅच आणि कच्चा माल

मोल टक्क्यांत: आयर्न ऑक्साइड ४९, निकेल ऑक्साइड २०, झिंक ऑक्साइड २५, कॉपर ऑक्साइड ६. अर्धा किलोसाठी वजनं अशी: आयर्न ऑक्साइड ३३०.७ ग्रॅम, निकेल ऑक्साइड ६३.१ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ८६.० ग्रॅम, कॉपर ऑक्साइड २०.२ ग्रॅम. काटा निदान ०.०१ ग्रॅमचा हवा.

कॉपर घालायचं कारण भट्टी. तांब्याशिवायचा निकेल-झिंक १२०० ते १२८० अंश मागतो. तिथे झिंक उडायला लागतं आणि भट्टीचं तापमान मोजणारं के टाइप थर्मोकपलही भरवशाचं राहत नाही. तांब्यामुळे तेच काम १०५० ते ११०० मध्ये होतं. पण म्हणून तांबं वाढवत नेऊ नये. जास्तीचं तांबं कणांच्या सीमांवर जमतं आणि काही कण बेसुमार वाढतात.

आयर्न ऑक्साइड रंगाच्या दुकानातलं घेऊ नका. त्यात सिलिका आणि ॲल्युमिना किती आहे याला काही धरबंध नसतो. फेराइट ग्रेडचं ऑक्साइड बहुधा पोलाद कारखान्यातल्या ॲसिड पिकलिंगच्या द्रावणातून काढलेलं असतं. त्याच्या विश्लेषणपत्रात सिलिका आणि क्लोराइड हे दोन आकडे आधी पाहा. झिंक ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, तेव्हा वजन करण्याआधी त्यातलं १० ग्रॅम ६०० अंशांवर तासभर तापवून घट किती येते ते पाहा. घट १ टक्का आली तर ८६ ग्रॅमऐवजी ८६.९ घ्यायचं. पाचही मिनिटं लागत नाहीत या हिशेबाला, पण बहुतेक जण तो टाळतात.

निकेल ऑक्साइडची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो. कोरडं वजन करताना एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पंखा बंद, खाली ओलं फडकं. झाडू अजिबात नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, म्हणून वजनाचं काम पहाटेच उरकावं.

पाणी

पहिला घोळ इथे होतो. अर्ध्या किलोच्या बॅचला साधारण ६०० मिलिलिटर पाणी लागतं आणि ट्रेमध्ये वाळवलं तर त्या पाण्यातला प्रत्येक क्षार पावडरीतच राहतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर ६०० मिलिग्रॅम बॅचमध्ये उतरले. म्हणजे दशलक्षात १२०० भाग. आपण सिलिका दशलक्षात १००-२०० भागांवर असलेलं महागडं ऑक्साइड शोधत फिरायचं आणि पाण्यातून त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम-मॅग्नेशियम ओतायचं, याला अर्थ नाही. कॅल्शियम कणांच्या सीमांवर जाऊन बसतं, कण वाढू देत नाही आणि म्यू पडतो. उजनीचं नळाचं पाणीही त्यासाठी चालणार नाही. शिवाय ते काही दिवसांआड येतं आणि टाकीत साठून राहतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. तेच वापरा. कॅनवरच्या लेबलवर न जाता टीडीएस मीटर बुडवून बघा, आकडा ५ च्या खाली हवा. अडलंच तर घरगुती आरओचं ५० टीडीएसचं पाणी घेतलं तर दशलक्षात ६० भागच येतात, तेवढं या मालाला सोसतं.

बॉल मिल आणि लोहाचा हिशेब

पावडर एक भाग, स्टीलचे बॉल तीन भाग, पाणी सव्वा भाग, हे वजनाने. १० मिमी आणि ६ मिमी बॉल मिसळून घ्या. जार अर्ध्याच्या थोडा वर भरावा, गच्च भरला तर बॉल घरंगळतच नाहीत. वेग काढायचा तर ४२.३ ला जारच्या आतल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचं, व्यास मीटरमध्ये. १५ सेंमीच्या जारला मिनिटाला १०९ फेरे येतात. या वेगाला बॉल भिंतीला चिकटून फिरतात आणि दळण थांबतं. त्याच्या ६५ ते ७० टक्के, म्हणजे ७१ ते ७६ फेऱ्यांवर चालवा. कानाने कळतं: बॉल कोसळल्याचा सलग खडखडाट हवा. ठक-ठक असा तुटक आवाज आला तर वेग जास्त आहे किंवा पाणी कमी. आवाजच दबला तर स्लरी, म्हणजे पावडर-पाण्याचं मिश्रण, घट्ट झाली आहे. पहिल्या मिश्रणाला ६ ते ८ तास पुरतात.

आता मुख्य गोष्ट. बॉल झिजतात आणि झिजलेलं लोखंड बॅचमध्ये जातं. म्हणूनच सूत्रात लोह ५० ऐवजी ४९ टक्के धरलं आहे. बॉल आधी आणि नंतर धुऊन, वाळवून तोला. घट झालेल्या वजनाला १.४३ ने गुणलं की वाढलेलं आयर्न ऑक्साइड मिळतं. दोन्ही दळणं मिळून २ ग्रॅम झीज आली तर २.८६ ग्रॅम ऑक्साइड वाढलं आणि ४९ चे ४९.२ टक्के झाले. काही बिघडत नाही. १० ग्रॅम झीज आली तर मात्र तेच प्रमाण ५० च्या किंचित वर जातं. ५० ओलांडलं की जास्तीचं लोह फेरस (Fe²⁺) रूपात राहतं, फेरस आणि फेरिक (Fe³⁺) आयनांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात आणि रोधकता कोसळते. ज्या गुणासाठी निकेल-झिंक निवडला तोच गेला. नवे बॉल पहिल्या काही वेळा जास्त झिजतात, म्हणून ते आधी टाकाऊ पावडरीबरोबर चोवीस तास फिरवून घ्यावेत. स्टीलच्या जारची भिंतही झिजते, तिचा हिशेब बॉलच्या वजनात दिसत नाही. जार तोलता येत असेल तर तोही तोला. झिरकोनियाचे बॉल आणि प्लास्टिकचा जार घेतला तर ही कटकटच मिटते, पण ते बॉल महाग. मग लोह ४९.५ पर्यंत नेता येतं.

स्लरी ट्रेमध्ये वाळवताना १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून घट्ट होईपर्यंत दर दहा मिनिटांनी ढवळा. न ढवळता ठेवली तर जड आणि जाड कण तळाशी बसतात आणि वरच्या थराचं प्रमाण खालच्या थरापेक्षा वेगळं होतं. वाळलेली वडी ४० नंबरच्या चाळणीतून काढा.

पहिली भाजणी

८५० अंश, ३ तास, झाकण असलेल्या ॲल्युमिनाच्या भांड्यात सैल भरून. दाबून भरू नये, मधल्या भागाला हवा लागली पाहिजे. लाल पावडर गडद तपकिरी होऊन बाहेर येते. फोडल्यावर ढेकळाच्या पोटात लालसर छटा दिसली तर भाजणी कच्ची आहे.

चुंबकाची चाचणी फुकट आणि बरीच बोलकी. झिंक फेराइट आधी तयार होतो, पण तो खोलीच्या तापमानाला चुंबकाला दाद देत नाही. निकेल त्या जाळीत शिरलं की पावडर चुंबकाकडे जोरात ओढली जाते. अर्धवट ओढली गेली तर अजून तास-दोन तास द्या. जवळच्या विद्यापीठात एक्स-रे डिफ्रॅक्शन करून मिळत असेल तर एकदा तरी करून घ्यावं. कॉपरच्या नेहमीच्या किरणांना स्पिनेलचं मोठं शिखर ३५.५ अंशांजवळ येतं आणि हेमेटाइट उरलं असेल तर ३३.२ जवळ. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फेराइटवर वर्षानुवर्षं संशोधन झालेलं आहे, त्यामुळे या भागात हे आलेख वाचू शकणारी माणसं सापडतात.

इथे १०० टक्के स्पिनेल करायचा हट्ट नको. ९५० अंशांच्या वर नेलं तर ढेकळं दगडासारखी होतात, दळायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे बॉल दुप्पट झिजतात आणि लोहाचा हिशेब पुन्हा घसरतो. फार कमी भाजलं तर उरलेली रासायनिक क्रिया शेवटच्या भाजणीत होते, रिंग जास्त आकसते आणि वाकते.

दुसरं दळण त्याच प्रमाणात, १६ ते २० तास. कण सरासरी १ मायक्रॉनच्या आसपास यायला हवेत. यापुढे दळत राहिलं तर कण फारसे बारीक होत नाहीत, झीज मात्र वाढते.

दाणे: सोलापूरची हवा इथे नडते

१ मायक्रॉनची पावडर डायमध्ये वाहत नाही, तिचे दाणे पाडावे लागतात. बाइंडर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए. १० टक्क्यांचं द्रावण करायचं तर पीव्हीए थंड पाण्यात भुरभुरून ढवळा आणि मग ९० अंशांपर्यंत तापवून अर्धा-पाऊण तास ठेवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत. त्या गुठळीच्या जागी भाजलेल्या रिंगमध्ये भोक पडतं. द्रावण कापडातून गाळा आणि चार-पाच दिवसांत संपवा. उन्हाळ्यात त्यावर बुरशी येते.

५०० ग्रॅम पावडरीला ५० ग्रॅम द्रावण, म्हणजे १ टक्का पीव्हीए. खलात चांगलं मळून ३० नंबरच्या चाळणीतून दाबून काढा, ६० अंशांवर वाळवा, मग ६० नंबरच्या चाळणीतून पाडा आणि १५० नंबरच्या चाळणीतून खाली पडणारा भुगा बाजूला काढा. तो पुढच्या बॅचच्या मळणीत जातो. उरलेले दाणे रव्यासारखे सुटे आणि वाहते हवेत. त्यात वंगण म्हणून ०.२ टक्के झिंक स्टिअरेट घालून पिशवीत हलवा.

प्रश्न ओलाव्याचा आहे. पीव्हीएला मऊपणा येतो तो पाण्यामुळे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, दुपारची हवा कोरडीठाक, आणि उघड्या ट्रेमधले दाणे तासाभरात कडक होतात. कडक दाणा प्रेसखाली चिरडत नाही. तो शेजारच्या दाण्याला नुसता टेकतो आणि मधली फट तशीच राहते. कच्च्या रिंगवर नखाने खरवडलं तर दाणे सुटे सुटे निघतात. भाजल्यावर त्याच फटी लांबट छिद्रं होऊन बसतात, घनता घन सेंमीला ४.८ ग्रॅमच्या वर जात नाही आणि माणूस भट्टीचं तापमान वाढवत बसतो. तापमानाने ही फट भरत नाही.

उपाय सोपा आहे. दाण्यांत ०.५ ते १ टक्का ओलावा ठेवायचा. १०० ग्रॅम दाण्यांवर ०.५ ते ०.७ ग्रॅम डीएम पाणी बारीक फवाऱ्याने मारायचं, हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं आणि दाबण्यापुरतेच दाणे बाहेर काढायचे. किंवा पीव्हीएच्या वजनाच्या २० टक्के पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) द्रावणातच घालायचं, मग हवेचा परिणाम कमी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं होतं: दाणे पंचला चिकटतात, रिंगच्या तोंडावर पापुद्रा उचलला जातो. तेव्हा दाणे ५० अंशांवर अर्धा तास ठेवून मगच वापरा आणि पीईजी निम्मं करा.

दाबणं

तयार रिंग २० मिमी बाहेरून, १० मिमी आतून, ६ मिमी उंच हवी असेल तर डाय २४ आणि १२ मिमीची लागते. कच्ची घनता ३.० आणि भाजलेली ५.१ धरली तर प्रत्येक माप साडेसोळा टक्के आकसतं, त्यावरून हे आलं. कच्ची उंची ७.२ मिमी आणि रिंगमागे दाणे ७.३ ग्रॅम. अर्ध्या किलोत, सांडलवंड धरून, साठच्या आसपास रिंगा निघतात.

दाबाचं क्षेत्रफळ ३.३९ चौरस सेंमी. चौरस सेंमीला १.२ टन हवा, म्हणजे एकूण ४ टन. दहा टनी प्रेसला हे सहज जमतं, उलट जास्त दाबायचा मोहच आवरावा लागतो. चौरस सेंमीला २ टनांच्या पुढे गेलं की दाण्यांमधली हवा आत कोंडते आणि दाब सोडल्यावर फुगून वरची चकती टोपीसारखी सुटते. भाजण्याआधी ही चीर केसाएवढी असते, दिसतही नाही. एका रिंगवर स्पिरिटचा थेंब सोडा: चीर असेल तिथे स्पिरिट सुकताना एक ओली रेघ मागे राहते.

डायसाठी डी २ स्टील, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल सी कठीणता) कडक केलेलं. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत अशी डाय करून घेताना टूलरूमवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: रिंग जिथून बाहेर येते त्या तोंडाला अर्ध्या अंशाचा उतार द्यायचा. सरळ कडेतून बाहेर येताना रिंगचा सुटलेला भाग फुगतो आणि आतला भाग अजून दाबाखाली असतो, चीर तिथेच पडते. दाब सोडतानाही सावकाश, तीन-चार सेकंद घेऊन. डाय स्प्रिंगवर तरंगती ठेवली तर वरून-खालून सारखा दाब बसतो. नाहीतर वरची बाजू घट्ट आणि खालची सैल राहते. सैल बाजू जास्त आकसते आणि भाजलेली रिंग एका टोकाला निमुळती होते.

दुसरी भाजणी

खोलीच्या तापमानापासून २०० पर्यंत मिनिटाला २ अंश. २०० ते ४५० मिनिटाला १ अंश, तिथे एक तास. मग १०८० पर्यंत मिनिटाला साडेतीन अंश, १०८० वर ३ तास. उतरताना ६०० पर्यंत मिनिटाला २ अंश, मग भट्टी बंद. दार १०० च्या खालीच उघडायचं. हे सगळं ६०० पर्यंत साधारण साडेसोळा तासांचं होतं.

२०० ते ४५० मध्ये बाइंडर जळतो आणि त्याला हवा लागते, तेव्हा भट्टीचं वरचं भोक उघडं ठेवा. घाई केली तर वायू बाहेर पडताना रिंग फुगते. हवा कोंडली तर कार्बन आत राहतो आणि पुढे लोहाचा ऑक्सिजन खातो. अशा रिंगा तोडल्या की पोटात बाहेरच्यापेक्षा काळा गाभा दिसतो. ५०० नंतर भोक बंद करा.

झिंक पृष्ठभागावरून उडतं, ११०० अंशांनंतर जास्तच. रिंगा सॅगरमध्ये, म्हणजे झाकणाच्या सिरॅमिक भांड्यात, ठेवून भोवती त्याच मालाची भाजलेली जुनी पावडर पसरायची, म्हणजे झिंकची वाफ त्या पावडरीतून येते आणि रिंगमधून कमी जाते. एकावर एक चारच्या वर रिंगा नकोत. सगळ्यात खाली एक टाकाऊ कच्ची रिंग ठेवा. आकसताना प्लेटवर घासून लंबगोल व्हायची वेळ तिच्यावर येते, वरच्या वाचतात.

लाईट गेली तर काय? बाइंडर जळताना गेली तर फारसं नुकसान नाही, कंट्रोलर जिथून थांबला तिथून चालू करा. १०८० वरच्या तीन तासांत गेली आणि तापमानातली घट ५० अंशांच्या आत असेल, तर पुन्हा वर नेऊन उरलेला वेळ पूर्ण करा. उतरताना गेली तर पंचाईत. सिरॅमिक फायबरची छोटी भट्टी सुरुवातीला तासाला कित्येकशे अंशांनी घसरते आणि रिंगा तडकतात. दार उघडून बघायचा मोह टाळा, भोकात फायबरचा बोळा घाला. कंट्रोलर विकत घेताना वीज परतल्यावर प्रोग्रॅम शून्यापासून सुरू होतो की थांबलेल्या ठिकाणापासून, हे विचारून घ्या. शून्यापासून सुरू होणारा कंट्रोलर इथे नको.

मोजणी

या मापाच्या रिंगवर ०.५ मिमी इनॅमल तारेचे १० वेढे सारख्या अंतराने घाला आणि एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या यंत्रावर) १०० किलोहर्ट्झला इंडक्टन्स घ्या. मायक्रोहेन्रीचा आकडा गुणिले १२ म्हणजे म्यू. २५ मायक्रोहेन्री आले तर म्यू ३००. माप वेगळं असेल तर: नॅनोहेन्रीतला इंडक्टन्स म्हणजे ०.२ गुणिले म्यू गुणिले वेढ्यांचा वर्ग गुणिले मिमीतली उंची गुणिले बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. तार आवळून ओढू नका, फेराइटवर ताण आला की म्यू उतरतो. चुंबक लावून खेळलेली रिंग मोजायला घेऊ नये. आणि आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहा. मे महिन्यातल्या ४० अंशांचा आकडा जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतल्या आकड्याशी तसाच ताडून पाहिला तर फसगत होते, कारण तापमानाबरोबर म्यू चढतो.

उच्च वारंवारितेची मोजणी नॅनोव्हीएनए या छोट्या नेटवर्क ॲनालायझरवर करता येते, पण एकाच वेढ्यावर. १० वेढ्यांच्या २५ मायक्रोहेन्रीला स्वतःची ३ पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) असली तरी १८ मेगाहर्ट्झला अनुनाद येतो, म्हणजे बरोबर जिथे मालाचा अनुनाद शोधायचा तिथेच. दोन्ही एकमेकांत मिसळले की काय मोजलं ते कळत नाही.

म्यू २०० ते ५०० च्या मध्ये आला तर ठीक. कमी आला तर आधी घनता पाहा, पाण्यात बुडवून वजन करण्याच्या रीतीने. घनता ५.० च्या वर असून म्यू कमी असेल तर कण बारीक राहिलेत किंवा पाण्यातले क्षार आडवे आलेत. घनता ४.८ असेल तर दाण्यांकडे परत जा. एक रिंग मोडून दहापट भिंगातून तुटलेला भाग बघणं हीही सवय ठेवावी. सारखा, मंद राखाडी दिसला तर कण एकसारखे आहेत. अधूनमधून चकाकणारे मोठे पैलू दिसले तर काही कण इतरांना गिळून वाढलेत आणि त्यांच्या पोटात छिद्रं अडकली आहेत. तेव्हा २० अंश उतरवा, आणि मगच भट्टीला हात लावल्याचा उपयोग होतो.

मल्टिमीटरचे दोन प्रोब रिंगवर सेंटिमीटरभर अंतराने टेकवले तर चांगल्या निकेल-झिंकवर आकडाच येऊ नये. काही मेगाओहम किंवा त्याहून कमी दिसलं तर फेरस लोह आहे. पृष्ठभाग घासून पुन्हा मोजा. घासल्यावर आकडा गेला तर झिंक उडालं होतं, सॅगर नीट झाकलं नव्हतं. आतपर्यंत तसंच असेल तर बॉलच्या वजनाची वही काढा.

मोडक्या रिंगा फेकू नका, कुटून चाळल्या की त्याच पुढच्या सॅगरमधली पावडर होतात. जार धुतलेलं पाणी गटारात जाऊ देऊ नये, त्यात निकेल आहे. बादलीत दोन दिवस ठेवलं तर गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी पुढच्या वेळी जारच्या पहिल्या धुण्याला वापरा. गाळ वाळवून वेगळ्या डब्यात ठेवा. त्याचं प्रमाण माहीत नसल्यामुळे तो बॅचमध्ये कधीच घालायचा नाही, पण ८५० अंशांवर एकदा भाजून नव्या बॉलना फिरवून घ्यायची टाकाऊ पावडर म्हणून तो चालतो.